लांब शिट्टी

कोथरूडच्या नऊ नंबरनं चेंडू आमच्या गोलात ढकलला तेव्हा आमच्यापैकी कोणी ओरडलंसुद्धा नाही. ओरडण्यासाठी आधी काय झालं ते कळावं लागतं. एकदम इतकं शांत झालं, की मैदानामागच्या रस्त्यानं चाललेल्या ॲम्ब्युलन्सचा आवाज पार वळणापर्यंत ऐकू येत राहिला.

झालं होतं असं. कॉर्नरवरून आलेला चेंडू आमच्या फैझलनं उडी मारून पकडला. नऊ नंबरचा खांदा लागून दोघंही पडले, पण फैझलनं चेंडू सोडला नाही. उठला. मग त्यानं तो चेंडू सांभाळून खाली मातीवर ठेवला, पाठ फिरवली आणि फ्री किक मारायला जावं तसा चार पावलं मागे गेला. नऊ नंबरला आधी पटेचना. त्यानं रेफरीकडे पाहिलं, चेंडूकडे पाहिलं आणि बुटाच्या टोकानं तो आत सारला. रेफरीनं मधल्या वर्तुळाकडे हात केला. सत्त्याऐंशीवं मिनिट चालू होतं.

आम्हाला फक्त बरोबरी हवी होती. जिंकायचंसुद्धा नव्हतं. शून्य-शून्य संपलं असतं तरी शिंपी बोळ युनायटेड सव्वीस वर्षांनी वरच्या गटात गेली असती. आता कोथरूड जाणार होतं. हंगामातला एक सामना उरला होता खरा, पण तो जिंकून काही हाती लागणार नव्हतं.

“सर, शिट्टी वाजली!” फैझल रेफरीकडे धावत गेला. “तुम्ही फाउल दिला ना? शिट्टी वाजली सर!”

“मी वाजवली नाही,” रेफरी म्हणाले. “खेळ चालू होता.”

फैझल तिथेच उभा राहिला. हातमोजे घातलेले दोन्ही हात त्यानं कानांवर ठेवले. ते दृश्य बिबवेवाडीच्या त्या मैदानावर असलेल्या प्रत्येकानं पाहिलं आणि निम्म्यांनी मोबाइलमध्ये घेतलं.

मी गोलच्या मागे, जाळीपलीकडे उभी होते. मी शालन. वय एकसष्ट. पोस्टाच्या काउंटरवर चौतीस वर्षं काढली, त्यामुळे गोड बोलण्याची सवय राहिलेली नाही. आमच्या बोळाचं ढोल-ताशा पथक माझ्या शिट्टीवर चालतं. चौदा ढोल, दोन ताशे. दोन छोट्या शिट्ट्या म्हणजे ठेका बदला, एक लांब शिट्टी आणि हात वर म्हणजे बंद. गणपतीत मिरवणुकीत वाजवतो, आणि एरवी ढोल नुसते धूळ खातात म्हणून फुटबॉलला नेतो. मैदानावर मात्र शिट्टी वाजवायची नाही, असं लीगवाल्यांनी बजावलेलं. खेळाडूंचा घोळ होतो म्हणे. म्हणून तिथे मी पिवळ्या रुमालानं खुणा करते. शिट्टी गळ्यात असते, कारण ती गळ्यात नसली की मला कपडे नीट घातल्यासारखं वाटत नाही.

उरलेल्या तीन मिनिटांत काही झालं नाही. कोथरूडची मुलं एकमेकांच्या अंगावर पडली. त्यांचे आईवडील गाड्यांतून उतरून आले. त्यातल्या एका बाईंनी आमच्या करीमभाईंना थंड पाण्याची बाटली आणून दिली. हरलेल्यांना पाणी पाजणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत. करीमभाईंनी ती घेतली, ‘थँक्यू’ म्हणाले आणि न उघडताच शेजारी ठेवून दिली.

करीमभाई म्हणजे आमचा पहिला ताशा. कसब्यात त्यांचं कुलुपं-चाव्यांचं दुकान आहे, त्यांच्या आजोबांपासूनचं. बावीस वर्षं ते माझ्या डाव्या हाताला उभे राहून ताशा वाजवताहेत. आणि फैझल हा त्यांचा धाकटा मुलगा. चोवीस वर्षांचा, चाकणच्या कंपनीत कामाला, रविवारी आमच्या गोलात.

टेम्पोत ढोल चढवले. एरवी स्वारगेट येईपर्यंत रेफरीच्या सात पिढ्यांचा उद्धार झालेला असतो. त्या दिवशी ढोलावर ढोल आपटले तरी कोणी ‘जपून’ म्हणालं नाही.

शिंपी बोळात आता शिंपी एकच उरलेत, रंगराव. तेच क्लबचे अध्यक्ष आणि त्यांचं दुकान हेच क्लबचं ऑफिस. शिलाई मशीनच्या मागे एक मोठा फ्लेक्स गुंडाळून उभा करून ठेवला होता. त्यावर ‘हार्दिक अभिनंदन’ छापलेलं आहे आणि रंगरावांचा फोटो संघाच्या फोटोपेक्षा मोठा आहे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आत येणारा प्रत्येक जण एकदा तिकडे बघायचा आणि मान फिरवायचा.

“आता सांग,” रंगराव फैझलला म्हणाले. “चेंडू खाली का ठेवलास?”

“शिट्टी वाजली, काका. लांब वाजली. नऊ नंबरनं मला धक्का दिला होता, म्हणून मला वाटलं फाउल दिला.”

“मी वीस फुटांवर होतो,” आमचा कप्तान शुभंकर म्हणाला. “मला नाही ऐकू आली. एकालाही नाही आली. तुलाच कशी आली?”

“माझ्या मागून आली.”

“मागे तर आपलेच लोक होते!”

मग रंगराव माझ्याकडे वळले. “शालनताई, तुम्ही सांगा. तुम्ही त्याच्या मागेच उभ्या होता. शिट्टीतलं तुमच्याइतकं आपल्यात कोणाला कळतं?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. फैझलसुद्धा. त्याच्या चेहऱ्यावर एकदम आशा आली, ती मला दिसली. आणि मी काय बोलले ते मला अक्षरन् अक्षर आठवतं, कारण नंतर ते मी स्वतःला शंभरदा ऐकवलंय.

“बावीस वर्षं शिट्टी वाजवतेय,” मी म्हटलं. “मैदानाच्या त्या टोकाला एखाद्या पोरानं वाजवली तरी मला कळतं. शिट्टीबिट्टी काही वाजली नाही. चूक झाली तर झाली म्हणावं माणसानं. आणि खरंच ऐकू आली असेल, तर कान तपासून घे बाबा.”

दोघं-तिघं हसले. दिवसभरातलं पहिलं हसू होतं ते. मला बरं वाटलं, हे कबूल करते. सव्वीस वर्षांचा राग होता आणि तो काढायला समोर एक माणूस मिळाला होता. फैझलनं करीमभाईंकडे पाहिलं. करीमभाई स्वतःच्या हातांकडे बघत बसले होते. फैझल उठून गेला.

सोमवारी बोळात कुजबुज सुरू झाली. चेंडू असा समोरच्याच्या पायाशी कोणी ठेवतं का? कोथरूडवाल्यांनी काय दिलं असेल? मंगळवारी भाजीवालीनं मला विचारलं, “ताई, करीमभाईंच्या पोरानं मॅच विकली म्हणतात, खरं का?” मी म्हटलं, “वाट्टेल ते बोलू नकोस.” पण ते मी कोथिंबीर निवडता निवडता म्हटलं. पोस्टात एखादा माझ्याशी खोटं बोलला तर मी जशी काउंटरवर हात आपटून उठायचे, तशी काही उठले नाही. रंगरावांनी ठरवून टाकलं, की रविवारच्या शेवटच्या सामन्यात फैझल खेळणार नाही आणि पुढच्या हंगामाचं पुढे बघू. पुढे बघू म्हणजे काय, ते सरकारी नोकरी केलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

बुधवारी सकाळी क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी व्हिडिओ टाकला. आमची सृष्टी ढोल वाजवते. ती आयटीतली, मूळची चंद्रपूरकडची. तिनं तिचा फोन जाळीला बांधून सगळा सामना घेतला होता, आणि त्यातला तेवढंच अर्धं मिनिट कापून कोणी तरी त्याखाली हसणारे चेहरे चिकटवले होते. मी तो बँकेच्या रांगेत आवाज बंद करून पाहिला. फैझल चेंडू ठेवतो, पाठ फिरवतो, गोल. तीनदा पाहिला. तीनही वेळा मला त्याची चीडच आली.

घरी आले, कुकर लावला आणि पुन्हा पाहिला. या वेळी आवाज चालू होता. ढोलांचा दणदणाट, त्यात लोकांचं ओरडणं. कॉर्नर. फैझलची उडी. दोघं पडले. ढोल चालूच. आणि मग ढोल थांबले.

मी फोन खाली ठेवला. पुन्हा उचलला.

फैझल उठतोय, चेंडू अजून त्याच्या हातात आहे, आणि ढोल थांबले. चौदा ढोल, दोन ताशे, सगळे एका क्षणी, कात्रीनं दोरा कापावा तसे. मग दूरवरून ॲम्ब्युलन्स. मग तो चेंडू खाली ठेवतो. मग गोल.

गोल झाल्यावर धक्क्यानं सगळे गप्प झाले, असंच मी तीन दिवस धरून चालले होते. पण ढोल गोलच्या आधी थांबले होते. चांगले चार-पाच सेकंद आधी. शिट्टी त्या दणदणाटात बुडून गेली होती, पण आमचे ढोल आपोआप थांबत नाहीत. पाऊस आला तरी थांबत नाहीत, पोलीस ओरडले तरी थांबत नाहीत. ते फक्त माझ्यामुळे थांबतात.

मी स्वयंपाकघरात खाली फरशीवर बसले.

गणपतीच्या मिरवणुकीत आमचा एक नियम आहे. सगळ्याच पथकांचा असतो, पण आमच्याइतका काटेकोर कोणाचा नाही. ॲम्ब्युलन्सचा आवाज आला, की एक लांब शिट्टी, हात वर, ढोल बंद, निम्मे डावीकडे, निम्मे उजवीकडे. गाडी गेली की पुन्हा सुरू. बावीस वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. एका वर्षी लक्ष्मी रस्त्यावर माझ्या शिट्टीनं गर्दी कशी दुभंगली, त्याचा फोटो पेपरात आला होता. तो मी अजून कपाटात ठेवलाय. ॲम्ब्युलन्सचा आवाज माझ्या कानात शिरला, की मी विचार करत नाही. माझ्या आधी माझा हात पोचतो.

नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी झाली. मी उठून गॅस बारीक केला. मग मनात आलं, ही कितवी शिट्टी? आठवेना. हात मात्र गॅसकडे गेला होता. मैदानावरही तसंच झालं होतं. वाजवणारीला ऐकू आली नाही, ऐकून थांबणाऱ्या सोळा जणांनाही ऐकू आली नाही. सगळ्यांचे हात थांबले आणि प्रत्येकाचे डोळे चेंडूवर होते. शिट्टी कानानं ऐकली ती एकट्या फैझलनं, कारण ती त्याच्या हातांच्या सवयीची नव्हती.

आणि मी त्याला कान तपासून घे म्हणाले होते.

गुरुवारी मी काहीही केलं नाही. हे लिहायला लाज वाटते, पण आहे ते आहे. गुरुवारी दिवसभर मी असा विचार केला, की हे कोणाला कळणार नाही. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला होता, ढोलांकडे कोणाचंच लक्ष गेलं नव्हतं. संध्याकाळी ग्रुपवर कोणी तरी फैझलचा फोटो टाकून त्याच्या हातात कोथरूडचा झेंडा चिकटवला. तो पाहिला आणि मग मात्र मला माझीच किळस आली.

शुक्रवारी दुपारी मी करीमभाईंच्या घरी गेले. दुकानाच्या वरच त्यांचं घर आहे. दार त्यांच्या बायकोनं, रझियाभाभींनी उघडलं. एरवी मी उंबऱ्यावर असतानाच त्या चहाचं आधण ठेवतात. त्या दिवशी नुसत्या बाजूला झाल्या.

करीमभाई नुकतेच नमाजहून आले होते. खिडकीत दोरीवर फैझलचे हातमोजे धुऊन वाळत घातले होते. फैझल आत होता, त्याची दुसरी पाळी होती, डबा भरणं चाललं होतं. मी बसलेच नाही. बसले असते तर इकडचं तिकडचं बोलून परत आले असते.

“करीमभाई,” मी म्हटलं, “शिट्टी वाजली होती. मी वाजवली. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा. मला स्वतःला कळलं नाही. व्हिडिओत ढोल आधी थांबलेत. मी बघितलं.”

करीमभाईंनी डोक्यावरची टोपी काढली, घडी केली आणि गुडघ्यावर ठेवली.

“माझे हात थांबले होते, ताई,” ते म्हणाले. “टेम्पोतच माझ्या डोक्यात आलं, की आपण थांबलो कसे? हात तर थांबले. मग शिट्टी झाली असणार.”

“मग दुकानात बोलला का नाहीत? तुमचा मुलगा होता समोर!”

“बोलणारच होतो. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, शिट्टी वाजली नाही म्हणून.” ते हळू आवाजात बोलत होते, जराही राग नव्हता, आणि म्हणून ते ऐकवत नव्हतं. “बावीस वर्षं तुमच्या शिट्टीवर चालू झालो आणि तुमच्या शिट्टीवर बंद झालो. तुम्ही नाही म्हणालात. मला वाटलं, माझेच हात चुकले. वय झालं. आणि पोराचे कान.”

या माणसानं पोटच्या मुलापेक्षा, स्वतःच्या हातांपेक्षा माझ्या शब्दावर जास्त विश्वास ठेवला होता. आणि तो शब्द मी दोघा-तिघांना हसवण्यासाठी फेकला होता.

फैझल आतल्या दारात येऊन उभा होता. डब्याची पिशवी हातात.

“म्हणजे वाजली होती,” तो म्हणाला.

“वाजली होती रे.”

त्यानं पिशवी खाली ठेवली, टीव्हीच्या वरून एक पांढरं पाकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं. मी उघडलं. कानाच्या डॉक्टरांचा कागद होता. दोन आलेख, डावा कान, उजवा कान, आणि खाली लिहिलेलं, दोन्ही कान नॉर्मल. तारीख मंगळवारची.

“तू खरंच गेलास?” माझ्या तोंडून निघालं.

“तुम्ही म्हणालात ना,” फैझल म्हणाला. “मी रजा टाकून गेलो. त्यांनी हेडफोन लावून शिट्ट्याच ऐकवल्या. बारीक, जाड. ऐकू आली की बटण दाबायचं. सगळ्या ऐकू आल्या मला. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. मग मी विचारलं, डॉक्टर, नसलेली शिट्टी ऐकू येते, त्याला कुठल्या डॉक्टरकडे जायचं?”

रझियाभाभींनी तोंडाला पदर लावला. मी त्या कागदाकडे बघत उभी राहिले. माझा टोमणा या मुलानं खरा मानला होता. कसब्यात जन्मलेल्या, टोमण्यांवर वाढलेल्या मुलानं! पाच दिवस तो स्वतःच्याच डोक्याला घाबरून हिंडत होता.

“फैझल, माझं चुकलं,” मी म्हटलं. “खूप चुकलं. मी काय करू सांग.”

“मला सांगून काय उपयोग, काकू? मला तर आधीच ऐकू आली होती.” त्यानं पिशवी उचलली. “त्या दिवशी जसं सगळ्यांसमोर म्हणालात, तसं सगळ्यांसमोर सांगा.” आणि तो जिना उतरून कामाला गेला.

मी तशीच रंगरावांकडे गेले. ऐकता ऐकता त्यांचं मशीन थांबलं. ते उठले, दुकानाचं दार लोटलं आणि परत येऊन बसले.

“अजून कोणाला सांगितलंत?”

“करीमभाईंच्या घरी.”

“मग आता पुरे,” रंगराव म्हणाले. “ताई, आपण आपल्याच शिट्टीनं हरलो, हे बाहेर कळलं तर कोथरूडवाले आपल्याला जन्मभर सोडणार नाहीत. पेपरात येईल हो! मी काय करतो, फैझलला रविवारी गोलात उभा करतो. गुपचूप. चार दिवसांत लोक विसरतात. तुमचंही नाव राहील, क्लबचंही राहील.”

“आणि त्याचं?”

“तो खेळणार आहे ना? अजून काय पाहिजे?”

“रंगराव,” मी म्हटलं, “तो फ्लेक्स तेवढा मागच्या खोलीत ठेवा. बघवत नाही.” आणि निघाले. आणखी काही बोलले असते तर भांडण झालं असतं, आणि भांडायची ऐपत त्या दिवशी माझ्यात नव्हती.

रविवारी सामना त्याच मैदानावर, तळाच्या संघाशी होता. तरीही बोळ सगळा आला होता. हरल्यावर न येणं आमच्यात बसत नाही. फैझल गोलात उभा राहिला तेव्हा आपल्याच लोकांतून एक जण ओरडला, “चेंडू नीट धर रे, खाली ठेवू नकोस!” हशा पिकला. फैझलनं मागे वळून पाहिलं नाही. करीमभाईंनी ताशा गळ्यात अडकवला होता, काड्या मात्र खिशातच होत्या. ढोल सुरू झाले.

खेळ सुरू होण्याआधी रेफरी मध्यावर आले. मागच्या रविवारचेच. त्यांनी घड्याळ पाहिलं. मी गळ्यातली शिट्टी तोंडात धरली, उजवा हात वर केला आणि छातीत होता नव्हता तेवढा सगळा श्वास घालून एक लांब शिट्टी मारली.

चौदा ढोल थांबले. बोलणं थांबलं. दोन्ही संघांची बावीस मुलं होती तिथे थांबली. रेफरी तरातरा माझ्याकडे आले.

“कोणी वाजवली? कोणाची शिट्टी ही?”

“माझी,” मी म्हटलं. सगळ्यांपर्यंत जावं म्हणून मोठ्यानं बोलले. “आजची माझी. आणि मागच्या रविवारची, सत्त्याऐंशीव्या मिनिटाची, तीसुद्धा माझीच. ॲम्ब्युलन्स आली म्हणून मी ढोल बंद केले. फैझलला ती ऐकू आली. त्याला तो फाउल वाटला. तो खरं बोलत होता. मी वाजली नाही म्हणाले, ते खोटं होतं. त्याला कान तपासायला सांगितलं, त्यानं तपासले, चांगले आहेत. तपासायला हवे होते आमचे.”

मग मला दिसलं, की ढोलवाले आपापल्या हातांकडे बघताहेत. सृष्टीचा ढोलाचं टिपरू धरलेला हात हवेत होता, नुकत्याच वाजलेल्या शिट्टीनं थांबलेला, आणि ती त्याच्याकडे दुसऱ्या कोणाचा असावा तशी बघत होती. “अरे बापरे,” ती म्हणाली. “आपण सगळेच थांबलो होतो. ताई, आपण सगळेच.” शुभंकर मध्यावर कमरेवर हात ठेवून उभा होता, त्यानं मान खाली घातली. मघाशी ओरडलेला माणूस गर्दीत मागे सरकला. रंगरावांनी कपाळावर हात मारून घेतला होता.

रेफरी माझ्याकडे बघत राहिले. त्यांचाही रंग उतरला होता. “तेव्हा मला ऐकू आली असती तर मी खेळ थांबवून चेंडू पुन्हा टाकला असता,” ते हळूच म्हणाले. “पण सायरन चालू होता. आता काही करता येत नाही.” मग त्यांना आपण रेफरी असल्याचं आठवलं. “बाई, मैदानात शिट्टी वाजवायला बंदी आहे. तुम्हाला बाहेर जावं लागेल.”

“जाते,” मी म्हटलं. “निर्णय बरोबर आहे.”

मी गळ्यातून शिट्टी काढली आणि करीमभाईंसमोर धरली. त्यांनी ती घेतली नाही. खिशातून ताशाच्या काड्या काढल्या.

“गळ्यात राहू द्या, ताई,” ते म्हणाले. “ॲम्ब्युलन्स आली तर वाजवायला कोण आहे?”

गेटकडे जायची वाट फैझलच्या गोलमागून होती. मी जाळीपाशी पोचले तेव्हा तो हातमोज्यांचे पट्टे आवळत होता. मला वाटलं काही बोलेल. त्यानं माझ्याकडे पाहिलं, हसला नाही. मग मैदानाकडे, आपल्या सगळ्या लोकांकडे पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं, “आज आली का ऐकू?”

मग डाव्या बाजूनं करीमभाईंचा ताशा एकटाच सुरू झाला.